रस्त्यावर वाळत घातलेलं भात

ऑक्टोबर म्हटलं की लोकांना उकाडा आठवतो, मला फावडं आठवतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायचं, नमस्कार करायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच खांद्यावर टाकून रस्ता करायला जायचं. पोलादपूरहून उमरठकडे जाताना डोंगराच्या अंगाला एक फाटा फुटतो, तिथून आत आमची वाडी. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता कच्चा. दर पावसाळ्यात तो अर्धाअधिक वाहून जायचा. कुठे दरडीची माती येऊन बसलेली, कुठे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याने कड खाल्लेली, कुठे रस्ता म्हणून नुसते धोंडे उरलेले. पाऊस उघडला की घरटी एक माणूस द्यायचा आणि रस्ता पुन्हा उभा करायचा, हा वाडीचा नेम होता. त्याला कुणी श्रमदान वगैरे म्हणत नसे. 'शेताला जायचं' म्हणतात तसं 'रस्त्याला जायचं' एवढंच म्हणायचे.

इतकी वर्षं झाली, पण दसरा उलटून बाहेरचं ऊन पिवळं झालेलं दिसलं की माझे हात अजून शिवशिवतात. घरातले हसतात. हसू देत. ज्यांनी कधी मुरमाचं घमेलं डोक्यावर घेतलं नाही त्यांना काय सांगायचं आणि कशाला सांगायचं.

मी सांगतेय ते नव्वदच्या दशकातलं, मी अकरावीला होते त्या वर्षीचं. दहावीपर्यंतची शाळा मी पायी जाऊन केली आणि बऱ्या मार्कांनी पास झाले. पुढचं कॉलेज महाडला. पावसाळाभर मी महाडला मावशीकडे राहिले. मावशीचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. माणसं प्रेमळ, पण दिवाळीनंतर मावशीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळंतीण, बाळ, शेक-शेगडी, आणि त्यात मी माझी पुस्तकं घेऊन कुठे बसणार? मावशी बिचारी मला काही बोलली नाही. पण तिने न बोलता बोललेलं आईला बरोबर कळलं.

म्हणजे दिवाळीनंतर मला वाडीवरून रोज महाडला जायला हवं होतं. एसटीची गाडी यायची ती खाली फाट्यापर्यंत. सकाळची गाडी गाठायची तर अंधारात डोंगर उतरायला हवा, आणि संध्याकाळी फाट्यावर उतरून वर चढेस्तोवर पुन्हा काळोख. त्या दिवसांत भात पिकलेलं असतं, रानडुकरं खाली उतरतात. सोळा वर्षांच्या पोरीला रोज तसं कोण पाठवील? आमच्या बाबांनी तर नाहीच पाठवलं असतं. बाबा मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. ते गणपतीला आले तेव्हा घरात हाच विषय चालला होता.

आमच्या घरात तेव्हा शब्द चालायचा तो काकांचा. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते वाडीवरच असायचे आणि दोन्ही घरांची शेती एकत्र होती. काकांचा मुलगा मुंबईला, सून नोकरी करणारी, आणि घरात तान्हं बाळ. बाळाकडे बघायला माणूस हवं होतं. काका म्हणाले, पोरीला तिकडे पाठवू, बाळही सांभाळेल आणि रात्रीच्या शाळेत शिकेलही. दिवसभर बाळ सांभाळून रात्री शिकलेली मुलगी मी तरी आजवर बघितलेली नाही. पण काकांनी ते असं सांगितलं की जणू सगळं माझ्या भल्यासाठीच चाललंय. आईने मात्र मान वर केली आणि म्हणाली, वाडीवर गाडी सुरू होणार असं ऐकलंय, तोवर थांबू.

ते खरं होतं. वाडीने गाडी मागितली होती आणि वरून कळलं होतं की दिवाळीच्या सुमाराला महाडच्या एसटी डेपोतून एक साहेब रिकामी गाडी घेऊन येतील, रस्ता बघतील, आणि पसंत पडला तर सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी सुरू होईल. बाबांनी मग दोघांचंही मन राखणारा निकाल दिला. गाडी सुरू झाली तर पोरगी महाडला जाईल, नाही झाली तर भाऊबीज झाल्यावर काकांनी तिला मुंबईला पोचवायचं. निकाल देऊन बाबा मुंबईला निघून गेले. माझा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी मावशीकडून निघाले. मावशीने सुकट आणि बोंबलांचं पुडकं दिलं. पावसाळाभर बंद असलेल्या होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की बाणकोटच्या खाडीकडून सुका बाजार महाडला यायला लागतो, आणि तो आला की महाडच्या बाजारपेठेतून चालताना नाक दाबून धरावं लागतं, नाहीतर भूक लागते. मला भूकच लागायची. महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून फाटा, असा गाडीचा प्रवास. खिडकीतून सगळीकडे भात वाकलेलं दिसत होतं, कुठे कापणी सुरू, कुठे बायका ओळीने वाकलेल्या. माझ्या शेजारी एक मुंबईकर बाप्या बसला होता, तो सगळा वेळ झोपला आणि पोलादपूर आल्यावर "इतनी जल्दी?" म्हणाला.

फाट्यावर उतरून मी चालायला लागले. तो रस्ता मी हजारदा चालले असेन, पण त्या दिवशी मी तो साहेबाच्या डोळ्यांनी बघत चालले. दोन्ही बाजूंनी गवत कमरेच्या वर गेलेलं, त्यात सोनकीची पिवळी फुलं आणि कुर्डूचे गुलाबी तुरे. वरच्या उतारावर नाचणीची कणसं तांबूस झालेली. पोपटांचे थवे भातावर उतरत होते आणि कुणीतरी डबा बडवून त्यांना हाकलत होतं. एरवी मी हे सगळं बघत, गाणं गुणगुणत चढले असते. त्या दिवशी मला दिसले ते फक्त खड्डे. पऱ्याजवळ तर रस्त्याची कडच नव्हती. तिथून सायकल न्यायची म्हटली तरी उचलून न्यावी लागली असती. मी तिथे पुडकं खाली ठेवून बसले आणि मला चक्क रडू आलं. मग रडून काय होणार म्हणून उठले.

घरी पोचले तर आई नव्हती. काकीने सांगितलं, रस्त्याला गेलीय, वरच्या अंगाने सुरुवात केलीय. काकीने मला पाणी दिलं, सुकटीचं पुडकं हुंगून बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मुंबईचा. महाडला मुंबईहून कुणी भेटलं का, बाळाचं काही कळलं का, बसायला लागलं का? काकी अशी बोलायचीच कमी. पण मुंबईहून कुणीही आलं की ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. बाळ झाल्यापासून तिने ते पाहिलं नव्हतं. सून बाळंतपणाला तिच्या माहेरी गेली होती, आणि त्यानंतर जायचं म्हटलं की काका म्हणायचे, आता लावणी, आता बेणणी, आता कापणी. काका खोटं बोलत नसत. कामं होतीच.

दुसऱ्या दिवसापासून मीही आईबरोबर रस्त्याला जायला लागले. आमच्याकडून एक माणूस द्यायचा होता, आम्ही दोघी गेलो. दरडीची माती खोदून ती खड्ड्यात भरायची, पऱ्याच्या कडेला धोंड्यांचा बांध रचायचा, त्यावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि लाकडी धुमसाने ठोकून ठोकून बसवायचा. दुसऱ्याच दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. आई म्हणाली, घरी जा. मी म्हटलं, नाही जाणार. तिने पदराची कड फाडून माझ्या हाताला बांधली आणि पुन्हा कामाला लागली. आमच्या आईचं हे असंच. तिचं प्रेम बघायला डोळे उघडे ठेवावे लागायचे.

दिवाळीला आलेले दोन-चार मुंबईकरही रस्त्याला आले. त्यातला एक पांढरे बूट घालून आला आणि उभा राहून सांगायला लागला, हितं स्लोप द्या, तिथं लेवल करा, टेन्शन नाय लेनेका. बायकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग एकीने मुरमाचं भरलेलं घमेलं त्याच्या डोक्यावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत बूट तांबडे झाले, आणि खरं सांगायचं तर पोराने कामही चांगलं केलं.

काकाही यायचे. पहार चालवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, म्हातारे झाले तरी. मोठे धोंडे तेच हलवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कळायचंही नाही की हा माणूस माझ्या गाडीचा रस्ता का करतोय. एकदा मी आईला तसं विचारलं. ती म्हणाली, "रस्ता वाडीचा हाय गो. तुझा नाय नि त्यांचा नाय."

रस्ता झाला. आणि काय झाला म्हणून सांगू! उतार नीट, कड पक्की, वर बारीक मुरूम ठोकून असा गुळगुळीत केला की अनवाणी चालावंसं वाटे. आता साहेबांनी यायचं तेवढं राहिलं. आणि नेमका तेव्हा पाऊस आला.

परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो. दुपारपर्यंत रणरणतं ऊन, आणि मग डोंगरामागून काळं होत होत येतं आणि विजा कडाडायला लागतात. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सुरू झाला तो वसुबारसेच्या सकाळी थांबला. नुकतं झोडून ठेवलेलं भात पडव्यांमध्ये, मांडवांखाली पडलेलं होतं, ते सगळं भिजलं. भिजलेल्या भाताला ऊन मिळालं नाही तर मोड येतात आणि मग ते कोंबड्यांनाच घालायचं. वर्षाचं खाणं तेच. घराघरातल्या बायका हातात भात घेऊन दाणा दाणा बघत होत्या. माझा विचार मात्र एकच होता, रस्ता टिकला का? मी धावत पऱ्यापर्यंत जाऊन आले. रस्ता टिकला होता. बांधाचा एक धोंडासुद्धा हलला नव्हता. मी ओरडतच परत आले.

मग धनत्रयोदशीला लख्ख ऊन पडलं. सगळ्यांची खळी चिखलाने भरलेली होती. शेणाने सारवलेलं खळं एकदा भिजलं की दोन दिवस तरी तिथे पाय ठेवता येत नाही. मग भात वाळवायचं कुठे? पहिल्यांदा कुणी घातलं ते मला माहीत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा. कुणाच्या तरी लक्षात आलं की वाडीत एकच जागा कोरडी आहे, उतरती आहे, उन्हात आहे, आणि खळ्याहून छान ठोकून घेतलेली आहे. आमचा रस्ता. एकाने एक टोपलं पसरलं, शेजारच्याने दोन पसरली, आणि तासाभरात देवळापासून पऱ्याच्या वळणापर्यंत सगळा रस्ता भाताने पिवळा झाला. आम्हीही घातलं. सगळ्यात मोठं वाळवण आमचंच होतं, कारण दोन्ही घरांचं मिळून एक, आणि आम्हाला जागा मिळाली ती वळणावर, जिथे रस्ता सगळ्यात अरुंद.

साहेबांचं काय, असं कुणी विचारलं नाही असं नाही. मीच विचारलं. तर सगळे म्हणाले, एवढा पाऊस झाल्यावर साहेब कशाला चिखलात मरायला येईल? दिवाळी झाल्यावर येईल. मलाही ते पटलं, कारण मोड आलेलं भात मलाच खायचं होतं. मी फावड्याने भात परतत बसले.

दुपार कलायच्या आधी खालून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. डोंगरात हॉर्न वाजला की तो तीन ठिकाणी ऐकू येतो. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मग वळणावरून लाल गाडीचं नाक दिसलं, आमच्या भातापासून चार हातांवर येऊन ती उभी राहिली.

गाडीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि साहेब असे तिघे होते. साहेब खाली उतरले. पोलादपूरच्या पुढे कुठे फार आले नसावेत, हातरुमाल घामाने भिजला होता. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा रस्ता आहे की खळं?"

ज्या वाडीने गाडीसाठी हात सोलून घेतले त्याच वाडीने तिच्या वाटेवर भात वाळत घातलं होतं. सगळे धावले. कुणी खराटे आणले, कुणी सुपं, कुणी घोंगड्या, आणि भात गोळा करायची अशी तारांबळ उडाली की बघायला नको. पण एवढं भात गोळा करायचं म्हणजे काही मिनिटांचं काम नव्हे. त्यात कुणाचं कुठलं तेही बघायला हवं, नाहीतर दिवाळीतच भांडणं. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले की त्यांना आणखी एका गावी जायचंय, इतका वेळ त्यांच्याकडे नाही, गाडी परत न्या, पुढे केव्हातरी बघू.

पुढे केव्हातरी! मी आईकडे बघितलं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. ती ड्रायव्हरपुढे गेली, आमच्या वाळवणाकडे हात केला आणि म्हणाली, "हे आमचं हाय. घाला गाडी वरून."

सगळे जागच्या जागी थांबले. भाताला पाय लागला तरी आम्ही हात लावून कपाळाला लावतो, आणि ही चाक घाला म्हणत होती, तेही धनत्रयोदशीला. काका पुढे येऊन काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्याआधी ड्रायव्हरने मान हलवली. मध्यम वयाचा, मिशाळ माणूस. तो म्हणाला, "नाही हो बाई. माझ्याही घरी भात आहे. मी नाही चाक घालणार." मग साहेबांकडे वळून त्याने अगदी शांतपणे सांगितलं की गाडी मागेही नेता येणार नाही, कारण इतक्या अरुंद रस्त्यावर ती वळत नाही, आणि पऱ्याच्या वळणावरून उलटी उतरवायला तो तयार नाही. वळवायची तर वर देवळापुढच्या मोकळ्या जागेतच. म्हणजे साहेबांना जायचं असेल तरी आधी वाडीत यायलाच हवं होतं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून हसले.

ड्रायव्हरने इंजीन बंद केलं, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि आमच्या भातात उतरला. कंडक्टरही उतरला. दोघं आमच्याबरोबर भात ओढायला लागले. साहेब बिचारे कडेच्या धोंड्यावर बसले. काकीने घरी जाऊन दुधात कालवलेले नव्या भाताचे पोहे आणि पाणी आणलं. पोहे खाल्ल्यावर माणूस जरा निवळला. हातातली वाटी खाली ठेवून त्यांनी बांधाकडे बघितलं, रस्त्यावर पाय आपटून बघितला आणि म्हणाले, काम चांगलं केलंय तुम्ही. मग म्हणाले, पण मला एक सांगा, गाडी सुरू केली तर बसणार कोण? बाजाराच्या दिवशी भरेल, शिमग्याला, गणपतीला भरेल, ते मला माहीत आहे. रिकामी गाडी रोज डोंगर चढवायला कुणी परवानगी देणार नाही. रोज जाणारं कोण आहे?

खरंच, रोज जाणारं कोण होतं? शेतातली माणसं रोज कुठे जाणार? आईने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. माझ्या केसांत तूस, पायांना भाताची धूळ. साहेबांनी विचारलं, कॉलेजला जातेस? मी हो म्हणणार तेवढ्यात मागून काका म्हणाले, "ती मुंबयला चाललीय. भाऊबीज झाली की."

त्यांनी ते वाईटपणाने नाही म्हटलं. सुनेला कबूल केलं होतं, तिकडे बाळाची आबाळ चालली होती, आणि ठरलेलं ते ठरलेलं, असा त्यांचा स्वभाव. मला वाटलं, संपलं. काकांच्या वर बोलणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. आईने ओठ घट्ट मिटले होते. ती बोलली असती तर दोन घरांत कायमची तेढ आली असती, हे मलाही कळत होतं.

साहेबांपुढची पोह्यांची वाटी उचलायला काकी वाकली होती. ती तशीच वाटी हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती नाय जात. मी जाते मुंबयला. नातू माझा हाय."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण काकी चार माणसांत बोलली याचंच आम्हाला केवढं नवल वाटलं. काकांना तर जास्तच. ते बायकोकडे बघत राहिले. मग अगदी हळू, जरा घाबरल्यासारखेच म्हणाले, "नि हितं चुलीपुढं कोण?"

"तुमी हाय की," काकी म्हणाली आणि वाटी घेऊन घराकडे चालायला लागली.

पहिल्यांदा ड्रायव्हर हसला. मग बायका हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, आणि मग सगळी वाडीच हसली. काकांच्या तोंडावर राग होता, लाज होती, आणि शपथेवर सांगते, शेवटी थोडं हसूही होतं. आई पुढे होऊन म्हणाली, भाऊजी, तुमची भाकरी मी बघीन. काकांनी फावडं घेतलं आणि वळणावरचं उरलेलं भात स्वतः ओढायला सुरुवात केली.

रस्ता मोकळा झाला. गाडी हळूहळू वर आली, देवळापुढे वळली. बायकांनी तिला ओवाळलं. कुणीतरी तिच्या तोंडाशी भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं बांधली. साहेबांनी भाऊबीज झाल्यावर फेरी सुरू करतो असं तोंडी सांगितलं आणि जाताना एकच अट घातली, रस्त्यावर पुन्हा भात दिसता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी खाली उतरून दिसेनाशी झाली तसं सगळं भात पुन्हा रस्त्यावर आलं, कारण दिवस अजून बाकी होता आणि ऊन चांगलं होतं.

त्या दिवाळीत काकीने काय काय केलं! पोहे कांडले, नाचणी दळली, बाळाच्या अंगाला लावायला तेल कढवलं, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवली. मध्येच थांबून मला विचारायची, पोलादपूरला मुंबईची गाडी कुठल्या बाजूला लागते, तिकडे उतरल्यावर मुलगा घ्यायला येईल ना. मी दहादा सांगितलं तरी अकराव्यांदा विचारायची. मुंबईला मुलाकडे निरोप गेला होता, तो स्टँडवर येणार होता. काका दिवसभर घुम्म होते. पण एका संध्याकाळी मी बघितलं, चुलीपुढे बसून ते काकीकडून भाताचं पाणी किती ठेवायचं ते विचारत होते.

भाऊबीज झाल्यावर सकाळी गाडी आली. सांगितल्याप्रमाणे आली. गाडीत बसणारी माणसं दोनच, मी आणि काकी. माझ्या हातात दप्तर आणि भाकरीचा डबा. काकीने नवं लुगडं नेसलं होतं, आणि तिचं बोचकं काकांनी डोक्यावरून आणून गाडीत ठेवलं. ते खिडकीपाशी उभे राहिले, जरा खाकरले, आणि मग बाळाला माझ्याकडून मुका दे म्हणाले. काकी लाजली. आई माझ्याजवळ आली, माझी वेणी पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली, आणि मागे सरली.

गाडी निघाली. तोच मिशाळ ड्रायव्हर होता. पऱ्याच्या वळणावर त्याने गाडी हळू केली आणि बांधाकडे बघून मान हलवली. काकी खिडकीचा गज घट्ट धरून बसली होती. या रस्त्यावरून ती कितीदा लाकडाच्या मोळ्या घेऊन चालली असेल, पण बसून कधी गेली नव्हती. कंडक्टर आला, कुठे जायचं विचारलं, तर काकीने मोठ्याने सांगितलं, "मुंबय." कंडक्टर म्हणाला, मावशी, ही महाडची गाडी आहे. काकी म्हणाली, ते म्हाईत हाय, पन मी मुंबयला चाललेय. कंडक्टरने हसून पोलादपूरचं तिकीट फाडलं.

पोलादपूरला आमची गाडी थोडा वेळ थांबायची. मुंबईची गाडी पलीकडे लागलेलीच होती. मी बोचकं उचललं, काकीचा हात धरून तिला गाडीत बसवलं, खिडकीजवळची जागा दिली आणि शेजारच्या बाईला सांगितलं, हिला शेवटच्या स्टँडवर उतरायचंय, जरा लक्ष ठेवा. पुन्हा एकदा सगळं समजावलं. काकी नुसतं हं हं करत होती. ती इतकी खूश दिसत होती की मला तिचं वय कळेना.

मी खाली उतरले. गाडी हलायच्या बेतात होती. काकीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझा गाल धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"एवढं दिस मला वाटायचं गो," ती म्हणाली, "गाडी तुझ्यासाठीच येतेय."

मलाही तसंच वाटत होतं.